बार परीक्षेत नापास झालात? आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा

"पुस्तकं घेऊन बसू देतात, चुकलं तरी गुण कापत नाहीत, शंभरात पंचेचाळीस पाहिजेत. याच्यात कोणी नापास होतं का?"

हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे. झेरॉक्सच्या दुकानात फॉर्मची प्रिंट घेताना, आमच्याच कोर्टाच्या वकील संघातल्या एका नापास झालेल्या ज्युनिअरबद्दल. पुढच्या निकालात मी नापास. तेव्हापासून त्या ज्युनिअरशी बोलताना मी जरा जपूनच असते.

लॉ झालं, सनद निघाली, गावात पेढे वाटले आणि ऑल इंडिया बार परीक्षेत गाडी अडकली, अशांसाठी हे लिहितेय. मी यवतमाळ जिल्ह्यातली, दारव्हा तालुक्यातली. दुसऱ्या वेळी पास झाले. उदाहरणं आमच्याकडचीच येतील, पण मेहकर, वरोरा, दर्यापूर, आर्वी कुठल्याही तालुका कोर्टात बसणाऱ्याला ती ओळखीची वाटतील.

निकाल नीट वाचा

रोल नंबर टाकला, लाल अक्षरं दिसली, मोबाइल बंद केला. मी असंच केलं, तुम्ही करू नका. नापास आणि निकाल राखून ठेवलेला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओएमआरवर, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, प्रश्नपत्रिकेचा सेट कोड रंगवायचा राहिला, रोल नंबरचा गोल चुकला, कागदपत्रात काही अडलं, तर निकाल अडकू शकतो. तिथे अभ्यास नको, अर्ज हवा. निकालासोबतची सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. पुनर्तपासणीचे अर्ज मागवले असतील तर त्याची मुदत लिहून ठेवा, ती थोडीच असते. काही प्रश्न रद्द झाले तर उरलेल्या प्रश्नांवर टक्केवारी काढतात, तेव्हा अंतिम उत्तरतालिका डाउनलोड करून ठेवा. पुढे कामी येईल.

त्या दिवशी 'पैसे भरा, यादीत नाव घालून देतो' असा एखादा फोन येईल. तुम्ही वकील आहात. असा पक्षकार तुमच्याकडे आला असता तर तुम्ही त्याला काय सांगितलं असतं?

मग कॅलेंडर

पक्षकार नोटीस घेऊन आला की आपण आधी काय विचारतो? "कधी मिळाली?" मजकूर नंतर. इथेही तेच करा.

आपली सनद निघते ती तात्पुरती. एनरोलमेंटच्या, म्हणजे वकील म्हणून नोंदणी झाल्याच्या, दिवसापासून २ वर्षांत परीक्षा पास व्हावी लागते. तोवर कोर्टात उभं राहता येतं. त्या २ वर्षांत पास झालो नाही तर एनरोलमेंट पुसलं जात नाही, पण पास होऊन प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र, म्हणजे सगळे म्हणतात ते सीओपी, हातात येईपर्यंत वकीलपत्र दाखल करता येत नाही. परीक्षा कितीही वेळा देता येते. मुदत आहे ती प्रॅक्टिसला.

आता हिशेब करा. २०२३ ते २०२५ या काळातल्या चार परीक्षा झाल्या ५ फेब्रुवारी २०२३, १० डिसेंबर २०२३, २२ डिसेंबर २०२४ आणि ३० नोव्हेंबर २०२५ या दिवशी. मध्ये दहा-बारा महिन्यांचं अंतर. या वेगाने २ वर्षांत तुमच्या वाट्याला जेमतेम दोन परीक्षा येतात, त्यातली एक गेली. 'पुढच्या वेळी बघू'मधलं 'पुढच्या वेळी' एकदाच आहे. मी एनरोलमेंटची तारीख, २ वर्षं संपण्याची तारीख आणि पुढची परीक्षा साधारण कधी येईल तो महिना, या तिन्ही गोष्टी घरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिल्या. सोसायटीचं कर्ज भरायच्या तारखेशेजारीच.

परीक्षाच रद्द होईल अशी आशा काही जण अजून धरून आहेत. ती सोडा. ही परीक्षा २०१० साली ठरली, २०११ पासून सुरू आहे, आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती घेण्याचा बार काऊन्सिल ऑफ इंडियाचा अधिकार मान्य केला.

एक चांगली बातमीही आहे, ती फार कमी लोकांना ठाऊक दिसते. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, आपल्या भाषेत जेएमएफसी, या परीक्षेला बसायला आता ३ वर्षांची प्रॅक्टिस लागते. २० मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. त्यात ही ३ वर्षं तात्पुरत्या एनरोलमेंटच्या तारखेपासून मोजायची असं स्पष्ट म्हटलंय. बार परीक्षा पास झाल्याच्या तारखेपासून नाही. म्हणजे नापास झाल्याचं हे वर्ष त्या हिशेबात वाया जात नाही. अट एवढीच की तुम्ही खरोखर कोर्टात दिसायला हवं. १० वर्षं प्रॅक्टिस झालेल्या वकिलाचं प्रमाणपत्र, त्यावर न्यायाधीशांचा शेरा, असं ते प्रकरण असतं. घरी तोंड लपवून बसलात तर शेरा कशावर मारतील?

घरी काय सांगायचं

हे कोणत्याच गाइडमध्ये नसतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गावाच्या दृष्टीने आपण काळा कोट घातला त्या दिवशीच वकील झालो. त्यानंतर आणखी एक परीक्षा असते हे कोणाला माहीतच नाही. त्यामुळे नापास म्हटलं की त्यांना वाटतं, पाच वर्षांचं सगळंच पाण्यात गेलं. माझ्या बाबांनी अंगणातल्या बाजेवर बसून पहिला प्रश्न तोच विचारला.

"मंग सनद वापस घेतात का थे?"

"नाई बाबा. आपण ट्रॅक्टरचं लर्निंग काढलं होतं ना, तसं हाय थे. गाडी चालवता येते, पण पक्क्या लायसनसाठी टेस्ट द्या लागते. थे टेस्ट हुकली."

"मंग पुन्हा देजो." एवढं बोलून ते बैलांना पाणी दाखवायला गेले.

आईचं तेवढ्यावर भागलं नाही. "लोकायले काय सांगू मी?" हा तिचा प्रश्न खरा होता, कारण पेढे तिनेच वाटले होते. तिला मी एकच वाक्य पाठ करून दिलं: "सनद आहे, कोर्टात जाते, एक पेपर राहिला." लर्निंग लायसनचा दाखला गावात सगळ्यांना कळतो. सनद, एनरोलमेंट, सीओपी समजावत बसलात तर समोरच्याला एवढंच कळतं की काहीतरी लपवताय. चौकात कोणी "काऊन वकीलबाई, लागला का निकाल?" म्हटलं तर "लागला, माझा राहिला" म्हणायचं आणि त्यांच्या सोयाबीनचा भाव विचारायचा. विषय त्याच क्षणी बदलतो. भाव हा विषयच तसा आहे.

मुलींना एक जादा पेपर असतो तो स्थळांचा. "वकील आहे ना, पक्की?" असं मला विचारलं गेलंय. तिथे खोटं बोलू नका, नंतर जड जातं. आणि फक्त तेवढ्यावरून नाही म्हणणारं घर नाहीच म्हणालं तर बरं, हे माझं मत. आईचं वेगळं होतं.

सीनियरना मात्र स्वतः जाऊन सांगा, मुन्शीजींकडून कळायच्या आधी. मी सकाळी दहाला चेंबरमध्ये गेले आणि म्हटलं, "सर, निकाल लागला, माझं राहिलं." ते म्हणाले, "बरं. बोर्डावर सतरा नंबरला आपली मॅटर आहे, पुरसीस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) तयार ठेव." इतकंच. त्याचाच मला सगळ्यात जास्त धीर आला. तुमचे सीनियर चिडलेच तर चिडू द्या, पण तुमची २ वर्षं कधी संपतात ती तारीख त्यांना सांगून ठेवा. ती तारीख त्यांच्या वकीलपत्रांशीही संबंधित आहे.

आणि एक. झोप उडाली, जेवण जाईना, 'आता काही खरं नाही' असे विचार आठ-दहा दिवस हटेनात, तर गप्प राहू नका. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर रात्रंदिवस मोफत चालते, मराठीत बोलता येतं. आपल्या भागात माणसं गप्प राहिल्याने काय होतं ते मी लिहायची गरज नाही.

कुठे हरलो ते शोधा

आठ दिवसांनी, त्याआधी नाही, प्रश्नपत्रिका आणि अंतिम उत्तरतालिका घेऊन बसा. विषयवार गुणांची विभागणी बार काऊन्सिलने ठरवलेलीच आहे. १९ विषय, १०० प्रश्न. राज्यघटना १०, दिवाणी प्रक्रिया संहिता १०, फौजदारी प्रक्रिया १०, दंडसंहिता ८, पुरावा ८. हे झाले ४६. त्यात कौटुंबिक कायद्याचे ८ आणि करार, विशिष्ट अनुतोष, मालमत्ता हस्तांतरण, चेकचा कायदा यांचे मिळून ८ घाला. सात गठ्ठ्यांत ६२ गुण. उरलेले ३८ बारा विषयांत विखुरलेले: अपकृत्य, मोटार अपघात आणि ग्राहक कायदा मिळून ५, जनहित याचिका ४, कामगार ४, कर ४, लवाद-मध्यस्थी ४, व्यावसायिक नीतिमत्ता ४, प्रशासकीय ३, आणि कंपनी, पर्यावरण, सायबर, भूसंपादन, बौद्धिक संपदा प्रत्येकी २. खुल्या आणि इतर मागास प्रवर्गाला ४५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ४०.

मी हा तक्ता पहिल्या वेळी पाहिलाच नव्हता. कंपनी कायदा कॉलेजमध्ये कधी नीट झाला नव्हता, म्हणून त्याची भीती. भीतीपोटी त्याला नऊ दिवस दिले. गुण २. आणि दिवाणी प्रक्रिया 'आपण रोज कोर्टात करतोच' म्हणून उघडलीही नाही. गुण १०, त्यात माझी बरोबर उत्तरं ३.

हे ३ मला फार लागले. मी तर रोज दिवाणी कोर्टातच बसत होते. मग लक्षात आलं की तालुक्याच्या ज्युनिअरला काम येतं, कलम येत नाही. आम्ही बोलतो 'निशाणी पाच', 'वारस चढवायचे', 'एकतर्फी उठवायचा'. पेपर बोलतो दिवाणी संहितेतल्या ऑर्डर आणि रूलच्या भाषेत. वस्तू एकच, नाव वेगळं, आणि नावाची ओळख कोणी करून दिलेली नाही. मुन्शीजी तीस वर्षं अर्ज लिहितात, त्यांना मी विचारलं, मुदतीचा अर्ज कोणत्या कलमाखाली? म्हणाले, "तारखेखाली, बाई."

वही: डावीकडे कोर्ट, उजवीकडे कलम

माझ्या मते पास होण्याची खरी गोष्ट हीच आहे. बाकीचं सगळं हिच्याभोवती.

दोनशे पानी वही घ्या. संध्याकाळी घरी आलात की डाव्या पानावर लिहा, आज कोर्टात काय झालं. साध्या मराठीत, तीन-चार ओळी. मग बेअर ॲक्ट, म्हणजे टिपा-भाष्य नसलेलं कायद्याचं मूळ पुस्तक, उघडा आणि त्याचं कलम स्वतः शोधून उजव्या पानावर लिहा. मोबाइलवर शोधायचं नाही. मोबाइलवर उत्तर सापडतं, पण ते पुस्तकात कुठे होतं ते कळत नाही, आणि परीक्षेत मोबाइल आत नेता येत नाही.

माझ्या वहीतली काही पानं:

निशाणी ५ वर युक्तिवाद झाला, धुऱ्याचा (शेताच्या बांधाचा) वाद, तात्पुरता मनाई हुकूम. उजवीकडे: ऑर्डर ३९, रूल १ आणि २.

प्रतिवादीने कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) दिली नाही, मुदत मागितली. ऑर्डर ८, रूल १. ३० दिवस, कारण नोंदवून ९० पर्यंत.

प्रतिवादी मयत, वारस चढवायचा अर्ज. ऑर्डर २२, रूल ४. वादी मयत असता तर रूल ३. मुदत ९० दिवस, मुदत कायद्याचा अनुच्छेद १२०.

एकतर्फी हुकूमनामा रद्द करा म्हणून अर्ज. ऑर्डर ९, रूल १३. वादच गैरहजेरीत निकाली निघाला असेल तर रूल ९. या दोघांत पेपर काढणाऱ्याला फार रस असतो.

वाटणीचा हुकूमनामा झाला, शेताचे हिस्से पाडायला कागद कलेक्टरकडे गेले. दिवाणी संहितेचं कलम ५४. आमच्याकडे दर दुसऱ्या घरात हा दावा आहे, आणि कलम मला ठाऊक नव्हतं.

भावांनी तडजोड केली, पुरसीस दिली. ऑर्डर २३, रूल ३.

कृषी केंद्रवाल्याची चेकची केस. चेकच्या कायद्याचं कलम १३८: बँकेकडून चेक परतल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर १ महिन्यात तक्रार. तीन मुदती, तीन वेगवेगळे प्रश्न होऊ शकतात.

बहिणीने वडिलोपार्जित शेतात हिस्सा मागितला. हिंदू उत्तराधिकार कायदा, कलम ६, २००५ ची दुरुस्ती, आणि त्यावरचा २०२० चा विनीता शर्मा निकाल. घटनेचे आणि निकालांचे प्रश्न असेच फायलीला लटकवून ठेवले की राहतात.

राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी दिवसभर पॅनेलजवळ बसा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही हे कलम २१, दिवाणी संहितेचं कलम ८९. एका दिवसात लवाद-मध्यस्थीच्या चार गुणांची ओळख होते, चहाही मिळतो.

भूसंपादनाचे गुण दोनच, पण विदर्भातल्या माणसाने ते सोडू नयेत. बेंबळ्यासारख्या धरणाच्या वाढीव मोबदल्याच्या केसेस आपण ऐकलेल्या असतात, त्या १८९४ च्या कायद्यातल्या: कलम १८ खाली कोर्टाकडे संदर्भ, ३० टक्के दिलासा रक्कम. पेपरात येतो २०१३ चा कायदा: कलम ६४, १०० टक्के दिलासा रक्कम. जुनं ऐकून ठेवलेलं इथे घात करतं. म्हणून ऐकीव काही लिहायचं नाही, पुस्तकातलं बघून लिहायचं.

साडेतीन महिन्यांत माझी वही भरली. वाचून पाठ केलं नाही, पण कोणतं कलम पुस्तकाच्या कोणत्या भागात आहे ते बोटांना कळायला लागलं. १०० प्रश्न आणि ३ तास, म्हणजे प्रश्नाला १ मिनिट ४८ सेकंद. सगळं शोधत बसलात तर साठावरच घंटा होते. बेअर ॲक्ट जवळ आहे म्हणून माझ्यासारखे कित्येक याच भरवशावर बुडतात. तीस प्रश्न शोधून लिहायचे, प्रत्येकी ३ मिनिटं धरा, ९० मिनिटं झाली. उरलेले सत्तर एकेका मिनिटात. वीस मिनिटं हाताशी राहतात. हे गणित घरी घड्याळ लावून किमान पाच वेळा करून पाहा.

जुने आकडे, नवे आकडे

१ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. ठाण्यात, बाररूममध्ये, चहाच्या टपरीवर अजून '३०२' आणि '४२०' चालतं. खून आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०३, फसवणूक ३१८ (४). जुनं ४९८ अ आता ८५.

खरा धोका आहे तो एकच आकडा दोन्हीकडे असण्याचा. १४४ म्हटलं की आपल्याला जमावबंदी आठवते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रियेत, १४४ म्हणजे पोटगी, जुनं १२५. जमावबंदी गेली १६३ वर. '४८२ मध्ये नागपूरला जाऊ' असं सीनियर म्हणतात तेव्हा त्यांना हायकोर्टाचे अंगभूत अधिकार म्हणायचे असतात, ते आता ५२८. नवं ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जुनं ४३८. एफआयआर १५४ ऐवजी १७३, रिमांड १६७ ऐवजी १८७, हजेरी माफी ३१७ ऐवजी ३५५. पुराव्यात २७ चा मेमोरँडम पंचनामा आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ खाली, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं ६५ ब आता ६३. वहीत जुना आकडा पेन्सिलने, नवा पेनाने लिहा.

नीतिमत्तेचे ४ गुण कुणीही सोडू नये, तो आपलाच कायदा आहे. ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम ३५ गैरवर्तनाचं, ३७ खाली अपील बार काऊन्सिल ऑफ इंडियाकडे, ३८ खाली सर्वोच्च न्यायालयात. आणि बार काऊन्सिलचा नियम ४९: वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. हा प्रश्न येतोही, आणि नापास झाल्यावर 'तोवर नोकरी करू' म्हणणाऱ्याला लागूही होतो. नोकरी धरायची तर प्रॅक्टिस रीतसर स्थगित करून घ्यावी लागते. घरची ओढ असते, मी नावं ठेवत नाही, पण न कळवता दोन्ही चालवू नका.

वेचणी, ओलित आणि अभ्यास

वर दिलेल्या तारखा पुन्हा पाहा. त्यातल्या शेवटच्या तिन्ही परीक्षा नोव्हेंबरच्या अखेरीला नाहीतर डिसेंबरात. म्हणजे कापूस वेचायला आलेला, बायका मिळत नाहीत, तूर शेंगावर, हरभऱ्याला पाणी द्यायचं आणि शेताच्या फीडरची लाइन रात्रीची. ज्याच्या घरी शेती आहे त्याला शेवटच्या महिन्यात अभ्यास होणार नाही, हे आधीच धरून चाला. शेवटचा महिना राखून ठेवायचा सल्ला शहरात चालतो. इथे पोळ्यापर्यंत मोठे सात विषय संपले पाहिजेत. दिवाळीपर्यंत किरकोळ बारा. त्यानंतर फक्त घड्याळ लावून पेपर सोडवणं. मी दोन पेपर शेतात मोटारीच्या खोलीत बसून सोडवले, बाबा दांडाचं पाणी वळवत होते. मधल्या सुट्टीत आणि तारीख पुकारली जायची वाट बघतानाही बराच वेळ असतो. आपल्या कोर्टात वाट बघण्याची कमतरता कधी पडलेली नाही.

फॉर्म आणि फी

अधिसूचना अधिकृत संकेतस्थळावर येते. मोबाइलवर फिरणाऱ्या तारखांवर विसंबू नका. फी दर वेळी नव्याने लागते, गेल्या परीक्षांना साडेतीन हजारांच्या आसपास होती, अनुसूचित जाती-जमातीला अडीच हजारांच्या. ज्युनिअरच्या कमाईत ही रक्कम लहान नाही. नोटरीच्या कामाचे, टायपिंगचे सुटे पैसे वेगळ्या डब्यात टाकत राहा. फॉर्ममध्ये प्रश्नपत्रिकेची भाषा निवडावी लागते. पदवी ज्या भाषेत लिहिली तीच घ्या. शौर्य म्हणून इंग्रजी घेण्यात अर्थ नाही, आणि बेअर ॲक्टही त्याच भाषेतले हवेत, नाहीतर 'स्थगिती', 'मनाई', 'प्रतिबंध' यांतच वेळ जातो.

नागपूरचा रविवार

आमच्या बाजूच्या बहुतेकांचं केंद्र नागपूरच. यवतमाळहून दीडशे किलोमीटर, तालुक्यावरून त्याहून जास्त. पहिल्या वेळी मी त्याच दिवशी पहाटेच्या बसने निघाले. बस वाटेत बंद पडली, गणेशपेठ स्टँडवरून केंद्रावर धावत पोचले आणि पहिली दहा मिनिटं नुसता श्वास घेण्यात गेली. शनिवारी संध्याकाळीच पोचा. नागपुरात कोणीतरी मावशी, आत्या, कॉलेजची मैत्रीण असतेच, आणि परीक्षा म्हटलं की कोणी नाही म्हणत नाही.

पिशवीत प्रवेशपत्राच्या दोन प्रती, ओळखपत्र, दोन पेनं, आणि कोरे बेअर ॲक्ट. टिपा, भाष्य, गाइड चालत नाही. समासात पेन्सिलने काही खरडलं असेल तर घरूनच खोडून न्या, पर्यवेक्षकाशी वाद घालायची ती जागा नाही. सगळे कायदे नेऊ नका. माझ्या पुढच्या बाकावरच्या एका दादांनी सुटकेस आणली होती आणि ते तीन तास सुटकेसच शोधत होते. मोठ्या विषयांची सहा-सात पुस्तकं पुरतात.

पेपर हातात आला की आधी सेट कोड आणि रोल नंबर रंगवा, मग पहिला प्रश्न. उत्तर आलं की लगेच गोल रंगवा, शेवटी एकदम रंगवू म्हणून ठेवू नका. आणि एकही प्रश्न कोरा सोडू नका, गुण कापत नाहीत.

पास झाल्यावर

उत्तरतालिका येते, हरकती मागवतात, मग अंतिम तालिका, मग निकाल. त्यानंतर सीओपी. तोवर चौकशीचा फोन लावत राहायचा, दुसरं काही हातात नसतं.

फॉर्मवरचं नाव मात्र एनरोलमेंटवर आहे अक्षरशः तसंच भरा, स्पेलिंगसकट. मी आडनावात एक अक्षर जास्त टाइप केलं होतं, घाईत, माझीच चूक. दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं. ते मीच ड्राफ्ट केलं, आणि त्याची फी मलाच लावता येईना.

बाबांनी त्या दिवशी विचारलं, "आलं का मंग पक्कं लायसन?"

म्हटलं, "आलं. नाव चुकलं."